थोडक्या रकमेचा परतावा: मागे लागावे की सोडून द्यावे?

एसटीत सुटे पैसे नसले की वाहक तिकिटाच्या पाठीमागे बाकी लिहून देतो आणि ती उतरताना मागून घेण्याची आठवण प्रवाशाने ठेवायची असते. थांबा येतो तेव्हा हातात पिशव्या असतात, मागून रेटा असतो, वाहक गाडीच्या दुसऱ्या टोकाला असतो, आणि सात-आठ रुपयांसाठी गाडी खोळंबवावी की मुकाट्याने उतरावे, हे क्षणात ठरवावे लागते. निर्णय चुकला तरी नुकसान सात-आठ रुपयांचेच असते. रद्द केलेल्या तिकिटाचे दोनशे ऐंशी रुपये, फुटून आलेल्या बरणीचे साडेतीनशे, खात्यातून वजा होऊन दुकानदारापर्यंत न पोहोचलेले एकशे साठ, अशा रकमांच्या बाबतीत मात्र उतरण्याची घाई कोणालाच नसते, आणि म्हणूनच माणूस त्यांत गुंतत जातो: आज एक फोन, उद्या एक ईमेल, परवा पुन्हा तोच फोन.

अशा वेळी घरातील कोणीतरी ‘चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला’ ही म्हण ऐकवून विषय मिटवू पाहते. म्हण खरी आहे. पण मसाला चिमूटचिमूट घालता येतो, हे ती सांगत नाही. पहिली चिमूट, म्हणजे नीट लिहिलेली एक तक्रार, बहुतेक वेळा इतकी स्वस्त असते की शंभर-दीडशे रुपयांसाठीही ती परवडते. महाग पडतात त्या तिसऱ्या-चौथ्या चिमटी. त्यामुळे परताव्याच्या मागे लागावे की नाही, हे सुरुवातीला एकदाच ठरवून मोकळे होण्याऐवजी प्रत्येक पायरीवर नव्याने ठरवावे, आणि ठरवताना पुढच्या एकाच पायरीला किती श्रम पडतील व तिच्यातून पैसे मिळण्याची आशा किती, एवढेच पाहावे. आतापर्यंत किती वेळ घातला, हा आकडा त्या हिशेबात धरू नये. पुढे दिलेली सगळी पद्धत या एका विचारावर उभी आहे.

आधी हक्क आणि मुदत तपासावी

ही रक्कम नियमाने आपल्याला मिळायला हवी आहे का, हे शोधण्यासाठी पाच-दहा मिनिटे द्यावीत; पुष्कळ प्रकरणे इथेच निकालात निघतात. रेल्वेचे निश्चित झालेले तत्काळ तिकीट आपल्या सोयीसाठी रद्द केले तर त्याचा परतावा नसतोच, आणि संकेतस्थळावर तिकीट काढताना घेतलेले सुविधा शुल्कही तिकीट रद्द केल्यावर परत येत नाही. अशा रकमेसाठी कितीही गोड किंवा कडक शब्दांत लिहिले तरी उत्तर एकच येणार असते.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी दुकानात दिसली की आपला हक्क संपला, असे अनेकांना वाटते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची जी यादी आहे, तिच्यात सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही प्रथा स्पष्टपणे समाविष्ट आहे: पावतीवर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, आणि लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत. पावती न देणे हीदेखील त्याच यादीतील प्रथा आहे. मात्र वस्तू सदोष असली पाहिजे. रंग आवडला नाही किंवा घरी नेल्यावर सासूबाईंना पसंत पडला नाही, ही कारणे दुकानदाराच्या सौजन्यावर अवलंबून आहेत आणि तिथे विनंतीच करावी लागते.

हक्काबरोबर मुदत पाहावी, कारण काही परतावे मागण्याची वेळ फार लवकर निघून जाते. रेल्वेगाडी तीन तासांहून अधिक उशिरा धावत असेल आणि आपण प्रवास करणार नसू, तर पूर्ण भाडे परत मिळते. पण ऑनलाइन काढलेल्या तिकिटासाठी टीडीआर, म्हणजे तिकीट जमा पावती, आपल्या स्थानकावरून गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी भरावी लागते. घरी जाऊन, जेवून, शांतपणे भरू म्हणणाऱ्याचा हक्क तेवढ्या वेळात गाडीबरोबर निघून गेलेला असतो. अशा ठिकाणी फायदा-तोट्याचा विचार करत बसण्यापेक्षा आधी अर्ज भरून टाकावा. दुसऱ्या टोकाला ग्राहक आयोगासारख्या यंत्रणा आहेत, जिथे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांपर्यंत दाद मागता येते. तिथे घाईची गरज नसते.

सर्वांत स्वस्त परतावा अर्थातच जागच्या जागी मागितलेला असतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार उपाहारगृहांनी सेवा शुल्क आपणहून बिलात लावायचे नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना वैध ठरवल्या. बिल हाती आल्यावर ‘हे शुल्क काढून टाका’ असे सांगण्यास अर्धा मिनिट लागतो. तीच रक्कम घरी आल्यावर परत मिळवण्यास अर्धा महिनाही पुरत नाही.

काही वेळा नुसते थांबणे हीच योग्य पायरी असते

पैसे खात्यातून गेले पण समोरच्याला पोहोचले नाहीत, या प्रकारात बहुतेक लोक पहिल्या तासातच सर्वाधिक शक्ती खर्च करतात, आणि ती जवळजवळ सगळी वाया जाते. फसलेल्या व्यवहारांचे पैसे किती दिवसांत परत यावेत, याविषयी रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी परिपत्रक काढले आणि ते १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाले. यूपीआयने एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले पैसे तिच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर ते फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानदाराला यूपीआयने दिलेले पैसे अडकले किंवा एटीएममधून नोटा न येताच खात्यातून रक्कम वजा झाली, तर व्यवहाराचा दिवस सोडून पाच दिवसांची मुदत आहे. ही मुदत उलटल्यानंतर प्रत्येक दिवसामागे १०० रुपये भरपाई ग्राहकाने न मागता द्यावी, असे त्या परिपत्रकात म्हटले आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की भाजीवाल्याकडे एकशे साठ रुपये अडकले, तर त्याला रोख किंवा दुसऱ्या खात्यातून पैसे द्यावेत, व्यवहाराचे चित्र मोबाइलमध्ये जपून ठेवावे आणि पाच दिवस स्वस्थ राहावे; या पाच दिवसांत केलेले फोन पैसे लवकर आणत नाहीत. दुसरी अशी की मुदत उलटल्यावर हिशेबच बदलतो. तेच एकशे साठ रुपये बाराव्या दिवशी परत आले, तर सात दिवसांच्या उशिराची भरपाई ७०० रुपये होते, म्हणजे मूळ रकमेच्या चौपटीहून अधिक. ही भरपाई आपोआप जमा व्हायला हवी, पण झाली नसेल तर बँकेला लिहिताना परिपत्रकाची तारीख नमूद करून ती स्वतंत्रपणे मागावी. अर्थात हे फसलेल्या व्यवहारांपुरते आहे. आपणच चुकीच्या माणसाला पैसे पाठवले असतील किंवा वस्तू खराब निघाली असेल, तर त्याला हा नियम लागू होत नाही.

आपल्या तासाची किंमत

वेळेचा हिशेब मांडताना लोक पगाराला तासांनी भागतात. महिना ३०,००० रुपये आणि कामाचे २०० तास, म्हणून तासाला १५० रुपये. हा आकडा सोयीचा आहे, पण तो जसाच्या तसा वापरला तर फसवतो, कारण रविवारी संध्याकाळी परताव्यासाठी घालवलेल्या तासाचे कोणी दीडशे रुपये देणार नव्हते. म्हणून खरा प्रश्न असा विचारावा की हा तास दिला नसता, तर त्याचे काय झाले असते. शिलाईकाम करणाऱ्या किंवा रिक्षा चालवणाऱ्या माणसाचा धंद्याच्या वेळेतला तास थेट कमाईतून जातो. पगारदाराचा तास कार्यालयातून सुटल्यावर विसाव्यातून जातो, आणि विसाव्याची किंमत ज्याची त्याने ठरवायची असते. निवृत्त माणसाकडे वेळ असतो, पण जिने चढण्याची आणि फोन कानाला लावून चाळीस मिनिटे तेच संगीत ऐकण्याची ताकद असतेच असे नाही.

अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागणार असेल, तर मात्र पगाराचा हिशेब अगदी खरा ठरतो. महिना ३०,००० आणि कामाचे २६ दिवस धरले तर दिवसाला सुमारे १,१५० आणि अर्ध्या दिवसाला ५७५ रुपये होतात. त्यात जाण्यायेण्याचे भाडे आणि झेरॉक्सचे पैसे मिळवा. याचा अर्थ कार्यालयीन वेळेत स्वतः जाऊन घ्यावा लागणारा सहाशे रुपयांपर्यंतचा परतावा अशा माणसाला तोट्यातच पडतो, मग तो मिळण्याची खात्री शंभर टक्के का असेना. एकच तोडगा उरतो: त्या भागात दुसऱ्या कामासाठी जायचेच असेल, तेव्हा हेही उरकावे.

श्रमाची मिनिटे आणि वाट पाहण्याचे दिवस यांची गल्लत करू नये. ‘तीस दिवस लागतील’ असे ऐकले की लोक कंटाळून नाद सोडतात. पण त्या तीस दिवसांत आपल्याला काहीच करायचे नसते, फक्त दिनदर्शिकेत एकतिसाव्या दिवशी खूण करायची असते. तीस दिवसांची वाट आणि दहा मिनिटांचे काम हा सौदा, दोन दिवसांची वाट आणि तीन तासांचे काम यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

पैसे मिळण्याची आशा कितपत धरावी

शक्यता अचूक मोजता येत नाही, पण ठोकताळा बांधता येतो. पावती हाती आहे, नियम स्पष्ट आहे आणि समोरच्याने चूक लेखी मान्य केली आहे, अशी तिन्ही अंगे जुळली तर दहापैकी आठ-नऊ वेळा पैसे येतील, असे धरावे. पावती आहे पण समोरचा चूक मानत नाही, अशा वेळी निम्मी आशा धरावी. पावतीच नाही, व्यवहार रोखीचा होता आणि दुकान दोन महिन्यांपूर्वी बंद झाले आहे, अशा स्थितीत आशा धरू नये. हे माझे अंदाज आहेत. प्रत्येकाने आपल्या अनुभवाने ते दुरुस्त करावेत.

मग रकमेला या शक्यतेने गुणावे. ३०० रुपये मिळायचे आहेत आणि निम्मी आशा आहे, तर कागदावर ती रक्कम १५० रुपयांचीच आहे. तक्रार लिहिण्यास वीस मिनिटे लागणार असतील आणि आपण तासाचे दीडशे धरत असू, तर खर्च ५० रुपये. म्हणजे ही पायरी निश्चित चढावी. तक्रार फेटाळली गेली आणि आता आशा एक-तृतीयांशावर आली, तर तीच रक्कम १०० रुपयांची झाली. पुढच्या पायरीला पाऊण तास लागणार असेल, तर खर्च ११२ रुपये होतो, आणि दुसरे काही कारण नसेल तर इथे थांबणे शहाणपणाचे आहे.

रक्कम कोणत्या रूपात मिळणार आहे, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. एका ऑनलाइन दुकानातून मी मागवलेल्या पितळी दिव्यांपैकी एक कमी आला होता. त्याची किंमत २२० रुपये होती. चार वेळा चॅटवर तीच हकीकत नव्या प्रतिनिधीला सांगितली, तीच छायाचित्रे चार वेळा पाठवली, आणि प्रत्येक वेळी ‘इतका वेळ घातलाच आहे, तर आता कशाला सोडायचे’ असे स्वतःला समजावले. तीन आठवड्यांत मिळून सुमारे तीन तास गेल्यावर हाती आले ते २०० रुपयांचे कूपन, आणि तेही ९९९ रुपयांच्या वरच्या खरेदीवर चालणारे. ते मी वापरले नाही. पहिल्या चॅटमध्येच ‘पैसे मूळ खात्यात येतील की कूपन मिळेल’ असे विचारले असते, तर अडीच तास वाचले असते.

पहिली तक्रार एकदाच, पण पुरती लिहावी

फोनपेक्षा लेखी तक्रार बरी, कारण फोनवर सांगितलेले पुढच्या फोनला पुन्हा सांगावे लागते. तक्रारीत भावना कमी आणि आकडे जास्त असावेत. नमुन्यादाखल एवढा मजकूर पुरेसा असतो: ‘दिनांक १२ जून रोजी अमुक क्रमांकाच्या मागणीत काचेची बरणी फुटलेल्या अवस्थेत मिळाली. किंमत ३५० रुपये. वेष्टनाची व वस्तूची छायाचित्रे आणि पावती सोबत जोडली आहे. वस्तू सदोष असल्याने पूर्ण रक्कम मूळ खात्यात परत करावी. बदली वस्तू किंवा कूपन नको. सात दिवसांत उत्तर न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदवीन.’ शेवटचे वाक्य धमकी म्हणून लिहू नये; ते लिहायचे असेल तर सात दिवसांनी खरोखर नोंदवण्याची तयारी असावी.

ऑनलाइन विक्रेत्याच्या बाबतीत ही तक्रार नेहमीच्या चॅटखिडकीत न टाकता तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे पाठवावी. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार अशा अधिकाऱ्याचे नाव व संपर्क संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे, त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एक महिन्याच्या आत तिचे निवारण करायचे असते. हा पत्ता बहुधा पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत दडलेला असतो. तो शोधण्याची पाच मिनिटे वाया जात नाहीत.

परतावा पाठवला आहे असे विक्रेता म्हणतो आणि खात्यात मात्र दिसत नाही, अशी ओढाताण झाली तर विक्रेत्याकडून व्यवहाराचा संदर्भ क्रमांक लेखी मागावा: यूपीआयसाठी यूटीआर आणि कार्डासाठी एआरएन. हा क्रमांक बँकेला दिला की पैसे कुठे अडकले ते तिला शोधता येते, आणि क्रमांक देण्यास विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर पैसे निघालेलेच नाहीत असे समजावे. क्रेडिट कार्डावर परतावा येणार आहे म्हणून बिलातून तेवढी रक्कम कापून भरू नये; दोनशे रुपयांच्या वाटेकडे डोळे लावून बसताना व्याज आणि विलंब शुल्क त्याहून अधिक लागू शकते.

त्यापुढील पायऱ्या

दुसरी पायरी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे मराठीतही बोलता येते, ऑनलाइन तक्रारही नोंदवता येते आणि शुल्क नसते. ही हेल्पलाइन निवाडा देत नाही. ती तक्रार कंपनीकडे पोहोचवते आणि उत्तर मागवते. त्यामुळे नावलौकिकाची काळजी असलेल्या मोठ्या कंपन्यांवर तिचा परिणाम बरा होतो, तर गल्लीतल्या दुकानावर फारसा होत नाही. पहिल्या तक्रारीचा मजकूर तयार असल्याने या पायरीला पंधरा मिनिटांहून अधिक लागत नाहीत, आणि दीडशे-दोनशे रुपयांसाठी ती चढायला हरकत नाही.

बँक, वॉलेट किंवा कार्ड यांची बाब असेल तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल हा चांगला मार्ग आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर विनाशुल्क अर्ज करता येतो, आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. रक्कम लहान असली तरी ही पायरी मला सहसा परवडणारी वाटते, कारण काम अर्ध्या तासाचे असते आणि बँकांना अशा तक्रारींची दखल घ्यावीच लागते.

जिल्हा ग्राहक आयोग ही शेवटची पायरी, आणि इथे पावले सावकाश टाकावीत. वस्तू किंवा सेवेची दिलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. हे वाचून सगळे फुकट वाटते. पण तक्रारीचा मसुदा, प्रतिज्ञापत्र, पुराव्यांच्या प्रती आणि तारखा यांचा वेळ कोणी भरून देत नाही. मथुरेच्या एका वकिलांकडून डिसेंबर १९९९ मध्ये रेल्वेच्या तिकीट खिडकीवर २० रुपये जास्त घेतले गेले. त्यांनी दावा लावला, शंभराहून अधिक तारखा झाल्या, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये, म्हणजे बावीस वर्षांहून अधिक काळाने, निकाल त्यांच्या बाजूने लागला; व्याजासह वीस रुपये आणि वर १५,००० रुपये देण्याचा आदेश झाला. तारखांनी भागले तर एका तारखेमागे दीडशे रुपयेही पडत नाहीत. ते स्वतः वकील होते आणि ही लढाई त्यांनी पैशांसाठी लढली नव्हती, हे त्यांनीच सांगितले आहे. ज्याला पैसेच हवे आहेत, त्याने पाचशे-हजार रुपयांसाठी ही पायरी चढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रक्कम लहान, पण प्रश्न अनेकांचा

कोंबडी-मसाल्याच्या म्हणीला मराठीतच दुसरी म्हण उत्तर देते: म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो. ही दोन्ही सूत्रे एकाच वेळी डोक्यात घोळू लागली की निर्णय होत नाही, म्हणून त्यांना वेगळे ठेवावे. आधी फक्त आपल्यापुरता हिशेब करावा, आणि तो ‘सोडा’ असे सांगत असेल तरच दुसरा प्रश्न विचारावा: ही चूक एकट्या माझ्या बाबतीत झाली, की यंत्रणाच प्रत्येकाकडून असे घेत आहे?

राजस्थानातील कोटा येथील एका अभियंत्याने २ जुलै २०१७ च्या प्रवासासाठी एप्रिलमध्येच रेल्वेचे तिकीट काढले आणि वस्तू व सेवा कर लागू होण्याआधी ते रद्द केले. तरी परताव्यातून ३५ रुपये सेवा कर म्हणून कापले गेले. त्याने माहिती अधिकारात अर्जामागून अर्ज केले. मे २०१९ मध्ये त्याला ३३ रुपये परत मिळाले, आणि उरलेल्या दोन रुपयांसाठीही तो भांडत राहिला. पस्तीस रुपयांसाठी पाच वर्षे हा वेडेपणाच वाटेल. पण त्या पाठपुराव्यातून २०२२ मध्ये असे समोर आले की सुमारे २ लाख ९८ हजार वापरकर्त्यांना मिळून २ कोटी ४३ लाख रुपये परत द्यायचे आहेत. लहान रक्कम लाखो लोकांकडून घेतली जाते तेव्हा प्रत्येक जण ‘पस्तीसच तर आहेत’ म्हणून गप्प बसतो, आणि घेणाऱ्याचा सगळा हिशेब त्या गप्प बसण्यावर चालतो.

अशी शंका आली तर एकट्याने लढण्याआधी सोसायटीत, कार्यालयात किंवा नातेवाइकांत विचारून पाहावे. समान तक्रार असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एकाने किंवा काही जणांनी आयोगाच्या परवानगीने तक्रार करण्याची सोय कायद्यात आहे. दहा जण मिळाले तर मसुद्याचे श्रम दहांत वाटले जातात, आणि एकट्याला न परवडणारी पायरी परवडू लागते. या वाटेने जायचे असेल तर मनाशी कबूल करावे की हे आता परताव्याचे काम राहिलेले नाही, हे सार्वजनिक काम आहे. म्हणजे निदान पैसे किती मिळाले यावरून निराशा होत नाही.

रोजच्या ओळखीची माणसे

दूधवाला, वाणी, इस्त्रीवाला, शिंपी यांच्याकडे वरची एकही पायरी वापरू नये. ‘भाऊ, मागच्या महिन्यात दोन दिवस दूध आले नव्हते, तेवढे या महिन्याच्या हिशेबात वळते करा’ असे सांगितले की काम होते. नाही झाले तर रक्कम आणि रोजचे तोंड पाहणे यांत काय महाग आहे, ते प्रत्येकाला ठाऊक असते.

दोनशे रुपयांपायी दोन लाख जाऊ नयेत

परताव्याच्या मागे लागलेला माणूस चिडलेला आणि घाईत असतो, आणि भामट्यांना असाच माणूस हवा असतो. इंटरनेटवर शोधून मिळालेला ग्राहक सेवा क्रमांक कधीही वापरू नये. तो पावतीवरून, कार्डाच्या मागील बाजूवरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपमधून घ्यावा. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकण्याचा अर्थ पैसे जाणे एवढाच आहे. परतावा देतो म्हणून मोबाइलची स्क्रीन दाखवणारे अ‍ॅप उतरवायला सांगणारा, क्यूआर कोड स्कॅन करायला लावणारा किंवा ओटीपी विचारणारा माणूस कंपनीचा नसतो. फसवणूक झालीच तर क्षणभरही न दवडता १९३० या सायबर गुन्हे हेल्पलाइनवर कळवावे. ज्या परताव्यासाठी अनोळखी माणसाशी फोनवर बोलण्याखेरीज मार्गच नाही, असा परतावा लहान असेल तर मी सरळ सोडून देतो.

आधी गळती थांबवावी

दरमहा आपोआप कापली जाणारी १४९ रुपयांची वर्गणी लक्षात आली, की लोक गेल्या महिन्याचे १४९ परत मागण्यात गुंततात आणि पुढच्या महिन्याची कपात तशीच राहते. वर्षाला ती १,७८८ रुपये होते. म्हणून यूपीआय अ‍ॅपमधील ऑटोपेच्या यादीत जाऊन ती परवानगी आधी रद्द करावी, अ‍ॅप नुसते मोबाइलमधून काढून टाकल्याने कपात थांबत नाही हे ध्यानात ठेवावे, आणि मग मागच्या कपातीसाठी एक तक्रार लिहावी. ती फेटाळली गेली तरी मोठा लाभ पदरात पडलेलाच असतो.

सोडून देण्याची तारीख

काम हाती घेतानाच वहीत एक ओळ लिहावी: रक्कम किती, जास्तीत जास्त किती मिनिटे देणार, आणि कोणत्या तारखेनंतर हा विषय बंद. प्रत्येक वेळी लागलेली मिनिटे त्याच ओळीत टिपत जावे. मर्यादा गाठली की ओळीवर रेघ मारावी आणि रक्कम अक्कलखाती जमा करावी. नियमात बदल करण्यास एकच सबळ कारण आहे, ते म्हणजे नवी माहिती: समोरच्याने चूक लेखी मान्य केली, हरवलेली पावती सापडली किंवा भरपाई लागू होते असे कळले. आपला राग वाढला, ही नवी माहिती नव्हे.

आणि पैसे येत आहेत असा संदेश आला तरी रेघ मारण्याची घाई करू नये. ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, समाधान झाले का?’ अशी विचारणा पुष्कळदा पैसे जमा होण्याआधीच येते, आणि तिला ‘हो’ म्हटले की तक्रार बंद होते व तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. खात्याच्या उताऱ्यात रक्कम दिसेपर्यंत, आणि ती पूर्ण आहे की काही कापून आली आहे हे पाहून होईपर्यंत, त्या प्रश्नाला उत्तर देऊ नये.